सोनकेवाडीचा लेख आणि इत्यादी मंडळी

१ मार्च, शनिवार. सकाळ.
उठल्या उठल्या घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारली. हा माझा जुना नेम. आमच्या मंडळींचा, म्हणजे बाळाबाईचा गुडघा: कालपेक्षा बरा होता, पण तुम्ही आठवण काढलीसा आणि ठणकायला लागला, असं तिचं म्हणणं. चिरंजीव पृथ्वीराजची पाठ: धरलेली. मोटरसायकलचा दोष. ऐकत नाही. सूनबाई क्रांतीचं डोकं: दुखतंय. कारण विचारलं तर म्हणाली, आबा, दिवसभराचं नेट सकाळी नाष्ट्याआधी कसं संपतं? विषय बदलला. गावाकडं थोरल्या बहिणीला, आक्काला फोन. खोकला आहे, पण आवाज खणखणीत. म्हणाली, यात्रेला लवकर ये, गेल्या साली नेमका ताटं वाढल्यावर टपकलास.

सगळ्यात शेवटी मोबाईलवरच्या ज्ञानकोशात मी लिहिलेल्या आमच्या गावाच्या लेखाची तब्येत बघितली. तर लेखाच्या डोक्यावर केशरी चौकट! 'या लेखाची लांबी वाजवीपेक्षा जास्त असून त्यात अनावश्यक बारीकसारीक तपशील आहे. तो संक्षिप्त करण्यास मदत करा.'

आधी दचकलो. मग शांतपणे विचार केला. शेजारच्या वाडीचा लेख उघडून बघितला. त्याला चौकट नाही. असणार कशी? एका ओळीचा लेख. चौकट लावायला जागा तरी पाहिजे ना. म्हणजे ही चौकट कर्तबगारीची आहे. स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

१ मार्च. दुपार.
ग्रुपवर सदतीस अंगठे. वाचलं कुणीच नसणार, पण अंगठा मनापासूनचा दिसतो.

३ मार्च
लेखाच्या चर्चा पानावर भैरवी नावाच्या बाईंचा निरोप. ज्ञानकोशाच्या जुन्या संपादक दिसतात. चारच ओळी: आकारामजी, तुमचा उत्साह कौतुकास्पद आहे, पण ज्ञानकोशातला लेख वाचणाऱ्यासाठी असतो. म्हशींची नावं, प्रत्येक वळणाचं वर्णन आणि सरपंचांच्या भाषणांचा सारांश काढता येईल का?

सविस्तर उत्तर दिलं. सुरुवातीला त्यांची, त्यांच्या आईवडिलांची, सासरी असतील तर सासरच्यांची तब्येत विचारली. मग लेखाचा उगम सांगितला. कारखान्यातून, उसाच्या काट्यावरून रिटायर झाल्यावर मोबाईल हातात आला. त्यात आमच्या गावाचं नाव शोधलं. तर 'सोनकेवाडी हे शाहूवाडी तालुक्यातील एक गाव आहे' एवढीच एक ओळ. जिथं जन्मलो त्या गावाला एक ओळ? तिथून बसलो लिहायला. शाळा सातवीपर्यंत, पण काट्यावर रोज पेपर ओळ न् ओळ वाचलेला.

शेवटी लिहिलं, काळजी नसावी. आयुष्यभर वजनच केलं. भरलेली गाडी किती, रिकामी किती, लांबून बघून सांगत होतो. लेखाचं वजन मीच उतरवतो.

संकल्प: रोज दहा ओळी कापणे.

४ मार्च
कापायला वरनं सुरुवात केली. पहिली ओळ कापता येत नाही, गावाचं नाव तिच्यात आहे. दुसरीत तालुका. तिसरीत मलकापूरवरून येणारा रस्ता. रस्ता कापला तर माणूस गावात येणार कसा? वळणांचा भाग काढणार होतो, पण वाचक चुकून सरळ गेला तर ओढ्यात. जबाबदारी आपली.

एक स्वल्पविराम कापला. का कापला त्याची तळटीप जोडली.

७ मार्च
टायपिंगनं अंगठा सुजला. क्रांतीनं बोलून लिहायची सोय दाखवली. उत्तम शोध. बोलत जायचं, अक्षरं उमटत जातात. सकाळभर बोललो.

संध्याकाळी भैरवीताईंचा निरोप: 'शेती' या भागात 'कालच्या दुधात पाणी होतं बरं का पावणं, असं चालायचं न्हाय' हे वाक्य आलं आहे, त्याचा गावाच्या शेतीशी संबंध कळला नाही.

दूधवाला मधेच आला होता. काढून टाका म्हटलं. तेवढंच वजन कमी.

११ मार्च
लेखात जागोजागी बारीक अक्षरात 'संदर्भ हवा' असं लावलंय. हे काम सोपं. 'गावात भात उत्तम पिकतो', संदर्भ: मी स्वतः खाल्ला आहे. 'भैरोबाची पालखी दोन दिवस चालते', संदर्भ: पायाला विचारा. गावामागच्या झऱ्याबद्दल लिहिलंय, 'डोंगराच्या पायथ्याचा झरा ऐन उन्हाळ्यातही आटत नाही'. तिथंही संदर्भ हवा! लहानपणी ओंजळीनं प्यायलेलं पाणी, अजून जिभेवर गोडी आहे. संदर्भ म्हणून आक्काचा मोबाईल नंबर दिला. गावात तिच्याएवढी माहिती कुणाला नाही. लग्न करूनसुद्धा गावातच राहिली, मुळीकांची खोतांच्यात गेली, दोन गल्ल्या पलीकडं.

भैरवीताईंनी नंबर लगेच काढला. म्हणाल्या, आजींना त्रास होईल. फोन करणाऱ्यालाच झाला असता, हे त्यांना माहीत नाही.

१६ मार्च
भैरवीताईंनी नवीन उपाय सुचवला. एखादा भाग खरोखर मोठा आणि महत्त्वाचा असेल तर त्याचा स्वतंत्र लेख करता येतो.

हे आधी का नाही सांगितलं?

संकल्प: मूळ लेख हलका करणे. दुपारपर्यंत पाच नवे लेख काढले. सोनकेवाडीतील म्हशी. सोनकेवाडीकडे येणारी वळणे. सोनकेवाडीच्या सरपंचांची भाषणे. सोनकेवाडीतून बाहेरगावी गेलेली मंडळी. सोनकेवाडीच्या यात्रेतील जेवण (दिवस पहिला). मूळ लेखात 'अधिक माहितीसाठी बघा' असं घातलं. बघणाऱ्याला फेरी पडू नये म्हणून मजकूर तिथंही ठेवला.

१७ मार्च
पाचही लेखांवर 'काढून टाकण्यासाठी प्रस्तावित'. म्हशींचा लेख तर दुपारीच गेला. बाळाबाईला सांगितलं. ती म्हणाली, माझं नाव हाय का कुठं? म्हटलं, तू लेखाच्या प्रेरणास्थानात आहेस. ते कुठं असतंय, म्हणाली. आहे, लिहायचं राहिलंय. उद्या नक्की.

२२ मार्च
सरपंच सयाजी चौगल्यांचा फोन. यंदा यात्रेला पडदा लावणार, आणि पालखी उठायच्या आधी माईकवरनं आपल्या गावाचा लेख वाचून दाखवणार. म्हणाले, आबा, तुमच्यामुळं गाव जगात गेलं बघा! वाचायला किती वेळ लागंल? म्हटलं, साधारण पालखी परत येईपर्यंत. ते म्हणाले, बघा थोडं कमी होतंय का.

बाळाबाईचं प्रेरणास्थान आज घातलं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
आज मुहूर्त. गुढी उभारली आणि ठरवलं, आज निष्ठुर व्हायचं.

लेखातला सगळ्यात जड भाग म्हणजे 'गावातील घराणी व मान्यवर'. लहानशा गावात मान्यवर नाही असा माणूस काढून दाखवा. लग्नाच्या पत्रिकेसारखी गोष्ट. एक नाव घातलं की दुसरं घालावं लागतं, थोरल्या चुलत्याचं घातलं की धाकट्याचं, आणि छापलेलं नाव पुन्हा कधी कापत नाहीत. पण आज डोळे मिटले. सगळा भाग निवडला, पुसला, आणि त्या जागी एकच ओळ लिहिली:

'गावात पाटील, मुळीक इत्यादी घराणी राहतात.'

पाटील ठेवले कारण पालखीचा पहिला मान त्यांचा. मुळीक ठेवले कारण लेखकाचं घराणं, शेवटी संदर्भ म्हणून कुणीतरी लागतंच.

भैरवीताईंनी चर्चा पानावर लिहिलं, खूप छान! अंगावर मूठभर मांस चढलं. श्रीखंड दोनदा घेतलं. मला वाटतं, लेख कसा आटोपशीर करावा यावर आता मी इतरांना मार्गदर्शन करू शकतो.

१ एप्रिल
फोन थांबेना. आधी वाटलं एप्रिल फूल. सयाजी चौगले: आबा, गावचा सरपंच चौगल्यांचा, आणि चौगले इत्यादी? माईकवर हे मी माझ्या तोंडानं वाचू? समजावलं, इत्यादी हा चांगला शब्द आहे, त्यात सगळे येतात. ते म्हणाले, मग पाटलांना घाला की त्यात!

१ एप्रिल. दुपार.
आक्काचा फोन. नेहमीप्रमाणं आधी खोकला कसा आहे विचारलं. म्हणाली, खोकला इत्यादी बरं हाय.

तिथंच ओळखलं.

म्हणाली, व्हय रं आकारामा, माहेर ठेवलंस, सासर इत्यादीत घातलंस? तुझ्या मुळकांचं गावात हाय काय? एक घर, त्याला कुलूप, कुलपाला गंज. आणि खोतांच्या चुलीवर तू दर साली दोन दिवस जेवतोस. यंदा येऊ नकोस. आलास तर मुळकांच्यात जेव.

मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. परत लावला. उचलत नाही.

ही किरकोळ गोष्ट आहे. आक्काचा राग म्हणजे दुधाचा ऊत. उद्या लागेल फोन.

२ एप्रिल
लागला नाही.

३ एप्रिल
दुरुस्ती: 'पाटील, मुळीक, खोत इत्यादी'. अर्ध्या तासात सयाजी. 'पाटील, मुळीक, खोत, चौगले इत्यादी'. मग गुरव म्हणाले, देवाची पूजा आम्ही करायची आणि नाव पाटलांचं व्हय? भांडण नको म्हणून बाराखडीच्या क्रमानं लावली. तर खोत पहिले आले, पाटील पार मागं गेले. पाटलांचा फोन: पालखीला खांदा पहिला आमचा, ज्ञानकोशात आम्ही गुरवाच्या मागं कसं?

मानाचा क्रम लावला तर बाकीचे चिडतात. बाराखडीचा लावला तर पाटील. सगळी नावं गोलात लिहायची सोय आहे का, भैरवीताईंना विचारलं. नाही म्हणे.

आक्काला फोन: बंद.

६ एप्रिल
पुण्या-मुंबईला असलेली गावची पोरं लेखात शिरली. हा लेख कुणालाही बदलता येतो, हे मीच ग्रुपवर अभिमानानं सांगितलं होतं. आता दर तासाला घराणी वरखाली. कुणी खोतांची वंशावळ घातली, कुणी गुरवांच्या घराचे चार फोटो, कुणी पाटलांना पुसून इत्यादीत टाकलं, पाटलांच्या नातवानं इत्यादी हा शब्दच पुसला. मुळीक या नावापुढं कुणीतरी लिहिलंय: 'एक घर, तेही बंद'. हे वाक्य मी ओळखतो. आक्काला टायपिंग येत नाही, पण शेजारणीला येतं.

माझ्या हयातीत लेख एवढा लांब कधी नव्हता.

बाळाबाईला म्हटलं, तू फोन कर नणंदेला. तिचा फोन पहिल्या रिंगला उचलला. दोघी निवांत बोलल्या. गुडघा, खोकला, यात्रेच्या पुरणाची डाळ. माझं नाव निघालं का विचारलं. बाळाबाई म्हणाली, निघालं, पण ते लिहायजोगं न्हाय.

८ एप्रिल
लेखाला कुलूप लागलं. 'वारंवार होणाऱ्या परस्परविरोधी बदलांमुळे हा लेख तात्पुरता सुरक्षित केला आहे.' खाली भैरवीताईंचा निरोप: आकारामजी, सर्व घराण्यांची नावं काढून लेख उपलब्ध सरकारी नोंदींवरून नव्यानं, थोडक्यात लिहायचा विचार आहे. आपलं मत कळवावं.

सव्वा पान नकार लिहिला. पाठवण्यापूर्वी आक्काला एकदा फोन लावून बघितला. वाजला, वाजला, आणि कट.

नकार पुसला. लिहिलं, तुमची आणि घरच्यांची तब्येत बरी असेल. लिहा.

१० एप्रिल
माझ्या मार्गदर्शनाखाली भैरवीताईंनी लेख पूर्ण केला. सात ओळी. ठिकाण. तालुका. लोकसंख्या. भाताची शेती आणि दूध. प्राथमिक शाळा. चैत्रात भैरोबाची यात्रा. म्हशी गेल्या, वळणं गेली, भाषणं गेली, प्रेरणास्थान गेलं, पाटील-मुळीक गेले, आणि इत्यादी पण गेले.

पण सातवी ओळ माझी! अक्षरशः माझी, एक अक्षर न बदलता: 'डोंगराच्या पायथ्याचा झरा ऐन उन्हाळ्यातही आटत नाही.' पुढं 'संदर्भ हवा' आहेच, पण ओळ ठेवली. भैरवीताईंनी लिहिलंय, हे वाक्य सुंदर आहे, एखादा संदर्भ किंवा निदान फोटो मिळाला तर राहू द्या.

एवढ्या मोठ्या लेखातलं नेमकं सोनं तेवढं उरलं. मला हेच अपेक्षित होतं. संकल्प: यात्रेला जाणे, झऱ्याचा फोटो आणणे. आक्का घरात घेवो न घेवो.

१६ एप्रिल
पिशवी भरली. फोन चार्ज. आक्काला खोकल्याचं औषध आणि आमच्या इथला बावड्यातला गूळ घेतला. बाळाबाई म्हणाली, दारातनं हाकललं तर गूळ तरी आत ठेवून या.

१७ एप्रिल. सोनकेवाडी.
देवळासमोर पडदा, माईक, अख्खं गाव. पाटील एका बाजूला, चौगले दुसऱ्या, खोतांच्या बायका कट्ट्यावर, मधोमध आक्का. माझ्याकडं बघितलं नाही. मी बसायला जागा शोधत होतो. सयाजीनं माईक हातात घेतला, माईक किंचाळला, लेख वाचला, आणि माझी जागा सापडायच्या आत लेख संपला.

गाव मनातल्या मनात नावं शोधत होतं. पाटलांनी खोतांकडं बघितलं, खोतांनी चौगल्यांकडं. कुणाचंच नाही. मग टाळ्या सुरू झाल्या. पाटलांच्या थोरल्यानं सयाजीला पान दिलं. पालखी उठली.

खोतांच्या दारात गेलो. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिलो, खोकला कसा आहे विचारलं. आक्का म्हणाली, ते आता वाचलं ते कुणी लिहिलं? म्हटलं, भैरवी म्हणून एक बाई आहेत. म्हणाली, शहाणी हाय. कसं सुटसुटीत, कुणाचं वर न्हाय, कुणाचं खाली न्हाय. तुला काय असं जमलं न्हाय कवा. ये आत, पुरणपोळी गार व्हायलीया.

जेवताना सांगितलं, त्यातली शेवटची ओळ माझी. ती वाढत होती. हात थांबला. कुठली? म्हटलं, झऱ्याची. तिनं तूप जास्त वाढलं. अभिमान वाटला असणार.

१८ एप्रिल. सकाळ.
फोटो काढायला निघालो. आक्का म्हणाली, राहू दे, गुडघं दुखतील. म्हटलं, ज्ञानकोशाचं काम आहे. ती काठी घेऊन मागोमाग आली.

पायवाट दिसेना, करवंदीनं गिळलेली. दगड तोच. खालची कुंडी तीच, आम्ही दोघं तिच्यात कागदाच्या होड्या सोडायचो. आत पाला आणि एक रिकामी पाण्याची बाटली. हात घातला. कोरडं.

आक्का म्हणाली, वरच्या अंगाला बोअर पडल्या, तवापास्नं पाडव्यालाच आटतोय. तीन साल झाली.

म्हटलं, मी दर साली येतोय की.

म्हणाली, येतोस. जेवतोस, झोपतोस, आणि गाव कसं हाय ते आम्हांस्नी सांगून जातोस.

बसलो दगडावर. ती पण बसली. फोटो काढला नाही. खाली यायला तिनं काठी मला दिली.

१९ एप्रिल
घरी. सगळ्यांची खुशाली विचारली. गुडघा बरा, पाठ बरी, डोकं बरं. माझी कुणी विचारली नाही, मग बाळाबाईनं विचारली. बरी आहे म्हटलं.

लेख उघडला. कुलूप निघालंय. सातवी ओळ निवडली. बराच वेळ बोट तसंच ठेवून बसलो. 'आटत नाही' ऐवजी 'पूर्वी आटत नसे' असं लिहून, मग कधीपर्यंत, कुणाच्या बोअरमुळं, कुंडी किती खोल, होड्या कुणाच्या, असं बोलून लिहायला घेतलं. दीड पान झालं. क्रांती पाणी घेऊन आली, वाचलं, तांब्या ठेवून गेली.

दीड पान पुसलं. मग ओळ पुसली. एवढ्या दिवसांत या लेखातून मी स्वतःच्या हातानं कायमची कापलेली ही पहिली ओळ. 'बदलाचे कारण' विचारलं. लिहिलं: आटला.

२० एप्रिल, रविवार
आज ज्ञानकोशाचं काही काम नाही. चर्चा पान उघडलं, तर त्याच्याही डोक्यावर केशरी चौकट: 'हे चर्चा पान खूप लांब झाले आहे. कृपया निरोप थोडक्यात लिहावेत.' स्क्रीनशॉट काढला नाही.

भैरवीताईंना निरोप धाडला. दिवस गेला एवढ्याला. उतरवून ठेवतो:

भैरवीताई, सर्व बरे. झऱ्याची ओळ काढली. आक्का म्हणते पाऊस पडल्यावर आठवडाभर वाहतो, तेव्हा दोघं वर जाऊन बघून येतो. तुमच्या गावचं पाणी कसं आहे? उत्तर लवकर लिहा, सविस्तर चालेल.